वधस्तंभावर नक्की जिंकलं कोण? तरुण संघात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपवासकाळात आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा दर शनिवारी संध्याकाळी बायबल स्टडी असतो, चहा-खारी असते, आणि दरवर्षी प्रश्न तेच. काहीजण तर रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर विचारतात, "दादा, झोपला नाही ना?" म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. मी पाळक नाही, थिऑलॉजीची डिग्रीबिग्री काही नाही, दिवसा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो. या विषयावर बरीच वर्षं वाचतोय एवढंच. पटलं नाही तर शनिवारी या आणि भांडा.

"येशूनं आमच्या पापांची शिक्षा भोगली" एवढंच आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलं. हे "विजय" प्रकरण काय नवीन काढलं?

नवीन नाही भावा, उलट जुनं आहे. वधस्तंभावर काय झालं हे सांगायला बायबल एकच चित्र वापरत नाही. कोर्टाचं चित्र आहे, मंदिरातल्या बळीचं आहे, गुलाम सोडवून आणायचं आहे, आणि लढाईचं पण आहे. लढाईच्या चित्रात माणूस हा फक्त गुन्हेगार नसतो, तो कैदीसुद्धा असतो. पाप, मरण आणि सैतान या तिघांनी त्याला धरून ठेवलंय आणि देव स्वतः आत घुसून त्याला सोडवतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो, दांडग्या माणसाच्या घरातलं सामान न्यायचं असेल तर आधी त्या दांडग्याला बांधावं लागतं. म्हणजे स्वतःच्या कामाला तो घरफोडीची उपमा देतोय, आणि हे आपण संडे स्कूलमध्ये पटकन पुढे ढकलतो कारण पोरांना समजावताना अवघड जातं.

अजून एक गोची आपल्या शब्दाची आहे. मराठीत "प्रायश्चित्त" म्हटलं की ज्यानं चूक केली त्यानंच घ्यायचं असतं, उपास करायचा, दान द्यायचं. इथं मात्र दुसराच कोणीतरी सगळं करतोय. त्यामुळं शेजारच्या काकूंना समजावताना तो शब्द वापरलात की गाडी पहिल्याच वळणावर अडकते, माझी दोनदा अडकलीय.

या विजयाच्या चित्राला "ख्रिस्तुस व्हिक्टर" हे नाव कुणी दिलं?

लॅटिन आहे, अर्थ "विजयी ख्रिस्त". गुस्टाफ औलेन नावाचे स्वीडिश ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ होते, लुंडला प्रोफेसर आणि पुढे बिशप. १९३० साली त्यांनी या विषयावर लेक्चर्स दिली, १९३१ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक या नावानं आलं आणि नाव चिकटलं. त्यांचं म्हणणं असं की पहिली हजारेक वर्षं चर्चमध्ये विजयाचीच भाषा मुख्य होती, नंतर पश्चिमेकडं ती मागं पडली, आणि प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं ती परत जोरात आणली. ल्यूथरबद्दल त्यांनी जरा ओढूनताणून लिहिलंय असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं कारण ल्यूथर शिक्षेची भाषाही भरपूर वापरतो. पण औलेनची एक गोष्ट मला पटते, ती म्हणजे या चित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करणारा देवच आहे. वर रागावलेला बाप आणि खाली मार खाणारा मुलगा असं नाही, देव स्वतःच मैदानात आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना लढाईच का सुचली?

कारण ते रोज मार खात होते. इरेनेयस घ्या. दुसऱ्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप. इसवी सन १७७ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला, म्हातारा बिशप पोथिनस तुरुंगात मेला, ब्लांदिना नावाच्या गुलाम पोरीला लोकांसमोर मैदानात हाल करून मारलं. इरेनेयस त्या वेळी मंडळीचं पत्र घेऊन रोमला गेला होता म्हणून वाचला, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसला. आता अशा माणसाला सैतान, मरण, दुष्ट सत्ता हे पुस्तकातले शब्द वाटणार आहेत का?

त्याचा विचार थोडक्यात असा: आदाम जिथं जिथं हरला तिथं तिथं येशू परत गेला आणि जिंकला. म्हणजे विजय हा फक्त वधस्तंभावरचे काही तास नाही, त्याचं अख्खं आयुष्यच आहे, जन्म, बालपण, अरण्यातली परीक्षा, सगळं. आपण नाताळ आणि उत्तम शुक्रवार यांच्यामधली तीस-बत्तीस वर्षं उडवून टाकतो ना, इरेनेयस तसं करू देत नाही.

बायबलमध्ये "खंडणी" लिहिलंय. खंडणी तर गुंड मागतात. देवानं कुणाला दिली?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बरोबर येतो. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की मी माझा जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून द्यायला आलोय. आजच्या पेपरात खंडणी म्हटलं की व्यापाऱ्याला फोन, धमकी आणि मग पोलिसांचा सापळा. मूळ ग्रीक शब्द मात्र गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवायला भरायच्या किमतीचा आहे. तेव्हा "सुटकेची किंमत" असं वाचा, अर्धा घोळ तिथंच मिटतो.

उरलेला अर्धा घोळ मात्र सतराशे-अठराशे वर्षं जुना आहे. किंमत दिली तर घेतली कुणी? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन विचारतो, देवाला तर नाही ना, मग सैतानाला का? माणूस त्याच्या ताब्यात होता म्हणून त्यालाच मिळाली असं त्याचं उत्तर. चौथ्या शतकात नाझियान्झसचा बिशप ग्रेगरी एका ईस्टरच्या उपदेशात यावर जाम उखडतो: दरोडेखोराला खंडणी, आणि ती पण खुद्द देवाचा पुत्र? छी! आणि देवाला दिली म्हणावं तर देवानं आपल्याला कुठं कोंडून ठेवलं होतं? म्हणजे तो दोन्ही दारं बंद करतो.

माझं मत विचाराल तर उपमा जेवढी चालते तेवढीच चालवावी. "पोराला वाढवायला आईनं रक्ताचं पाणी केलं" असं आपण म्हणतो तेव्हा ते पाणी कुणी प्यायलं असं कोणी विचारत नाही. किंमत लागली, जबर लागली, सुटका झाली, एवढं येशूला सांगायचंय. पावती कुणाच्या नावानं फाडली ते तो सांगत नाही.

देवानं सैतानाला फसवलं असं एका व्हिडिओत ऐकलं. खरंय का?

ती निस्साच्या ग्रेगरीची उपमा, हा ग्रेगरी दुसरा, पण पहिल्याचा मित्रच. तो म्हणतो, येशूचं माणूसपण हे आमिष आणि आत लपलेलं देवपण हा गळ. पंचगंगेच्या घाटावर पोरं गांडूळ लावून गळ टाकून बसतात, माशाला गांडूळ दिसतं, काटा दिसत नाही, तसं मरणानं माणूस समजून येशूला गिळलं आणि अडकलं. ऑगस्टिन नावाचा जुना बिशप तर उंदराच्या सापळ्याची उपमा देतो, वधस्तंभ म्हणजे सापळा आणि ख्रिस्ताचं मरण म्हणजे आत लावलेलं आमिष. आपल्याकडं पिंजऱ्यात भजी लावतात, तेच.

पोरं हसतात, मी पण हसतो. देव फसवतो म्हटल्यावर पोटात जरा ढवळतं, ते ग्रेगरीला पण कळत होतं, म्हणून तो सांगतो की डॉक्टर औषध लपवून देतो तसली ही फसवणूक आहे. मला यातलं एकच घ्यावंसं वाटतं: वाईटाला प्रेम ओळखता येत नाही. ताकद त्याला लगेच कळते, पैसा कळतो, पण कोणी स्वतःहून जीव देईल हे त्याच्या हिशेबातच बसत नाही आणि नेमकं तिथंच ते चुकतं.

अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, त्यावरूनच गावाचं नाव पडलं. तुमची गोष्ट पण तशीच की?

हा प्रश्न माझ्या शाळेतल्या दोस्तानं पहिल्यांदा विचारला, आपटा वाटून झाल्यावर दसरा चौकात वडापाव खाताना. बाहेरचा कोणी विचारणार नाही, कोल्हापूरकरच विचारणार.

साम्य आहे, आणि ते मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही. वाईट हे खरंखुरं आहे, नुसता गैरसमज नाही, लोक त्याखाली भरडले जातात आणि कोणीतरी वरचढ येऊन त्यांना सोडवतं, ही भूक दोन्हीकडं आहे. ललिता पंचमीला त्र्यंबोलीला कोहळा फोडतात आणि तुकड्यासाठी जी झुंबड उडते ती बघितलीय ना, आपण जिंकलो हे माणसाला हातात धरून घरी न्यायचं असतं. आणि मरता मरता असुरानं मागणं मागितलं आणि गावाला त्याचं नाव राहिलं, हे तर मला लहानपणापासून भारी वाटत आलंय.

फरक जिंकायच्या पद्धतीत आहे. इथं जिंकणारा मारत नाही, मरतो. उत्पत्ती ३:१५ मध्येच ते येतं, सापाचं डोकं फुटेल पण फोडणाऱ्याच्या टाचेला पण चावा बसेल. शेजाऱ्याशी बोलताना "आमचं भारी, तुमचं हलकं" असल्या सुरात हा फरक सांगू नका, एकतर ते खोटं वागणं आहे आणि दुसरं म्हणजे उद्या त्यांच्याच घरचा फराळ खायचाय.

जिंकला कधी? शुक्रवारी की रविवारी?

खासबाग मैदानात कुस्ती बघितलीय? शाहू महाराजांनी बांधलेलं, पैलवान खाली आखाड्यात आणि लोक चारी बाजूंनी वर. कधीकधी असं होतं की एक पैलवान खाली जातो, वरच्यानं अख्खं वजन टाकलेलं असतं, हलगी वाजत असते, लोक उठून चपला शोधायला लागतात की संपली आता. आणि तो खालचाच खालून असा काही डाव टाकतो की वरच्याचं वजनच वरच्याला घेऊन पलटी होतं, पाठीला माती. आता सांगा कुस्ती कधी जिंकली, वरचा पडला तेव्हा की खालच्यानं डाव टाकला तेव्हा?

इब्री लोकांस पत्र २:१४ हेच म्हणतं, मरणावर सत्ता असलेल्याला येशूनं मरणानंच हरवलं. शुक्रवारी डाव बसला, योहान १९:३० मध्ये तो "पूर्ण झालं" म्हणतो. रविवारी पंचानं हात वर केला. उपमा तुटते कुठं तर खालचा पैलवान मरत नाही, येशू खरोखर मेला. नाटक नव्हतं ते.

मग "आमची शिक्षा भोगली" हे चूक का?

नाही, आणि हे मी ठळक अक्षरात लिहिलं तरी काहीजण पाळकसाहेबांकडं जाऊन सांगणारच की हा पापाबद्दल बोलतच नाही म्हणून.

इतिहास थोडक्यात. अन्सेल्म, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप, त्यानं १०९८ च्या सुमाराला एक पुस्तक पुरं केलं, विषय असा की देव माणूस का झाला. सैतानाचा आपल्यावर काही हक्कबिक्क नव्हताच, असं त्याचं म्हणणं. पापामुळं देवाचा मान बुडाला, ती भरपाई माणसानं करायला पाहिजे पण ताकद फक्त देवाची, म्हणून देव-माणूस. साडेचारशेएक वर्षांनी कॅल्विन वगैरे प्रॉटेस्टंट मंडळींनी मानाच्या जागी कायदा आणि शिक्षा आणली, आणि मिशनऱ्यांमार्फत आपल्यापर्यंत तेच आलं. कोल्हापुरात १८५२ ला वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आले आणि त्यांचं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन चर्चकडं गेलं, म्हणजे कॅल्विनच्याच घराण्यात, त्यामुळं आपल्या आजी-आजोबांच्या प्रार्थनेत कोर्टाची भाषा जास्त आहे यात नवल काही नाही.

आता कलस्सैकरांस पत्र, दुसरा अध्याय, १४ आणि १५ वी ओवी एकापाठोपाठ वाचा. चौदाव्यात कर्जाचा कागद वधस्तंभाला खिळून रद्द केला. पंधराव्यात सत्ताधीशांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांची उघड धिंड काढली. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या डोळ्यासमोर रोमन सेनापतीची विजययात्रा आहे, हरलेले राजे साखळदंडात पुढे चालवायचे ती. रोमला वाटलं आपण येशूला टांगून लोकांना दाखवतोय, पौल म्हणतो उलटं झालं, तमाशा तुमचाच झाला.

या दोन ओव्या शेजारी का, हे मला आमच्या धंद्यात कळलं. सातबाऱ्यावर बोजा असतो तोपर्यंत वसुलीवाला दारात येऊन काहीही बोलू शकतो, बायकापोरांसमोर आवाज चढवतो, आणि शेतकरी मान खाली घालून ऐकतो कारण कागद त्याच्या हातात आहे. ऊस गेला, पैसे भरले, तलाठ्याकडून बोजा उतरवलेला उतारा हातात आला की तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच वसुलीवाल्याला "बसा, चहा घ्या" म्हणतो. वसुलीवाल्याची ताकद कमी झाली नाही, कागद गेला. "सैतान" या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधी, आरोप करणारा. त्याचं हत्यार म्हणजे आपला खरा गुन्हा. गुन्ह्याचा निकाल लागला की त्याचं हत्यार गळून पडतं. म्हणून मला ही दोन चित्रं भांडताना दिसत नाहीत, १४ शिवाय १५ होत नाही. पण आपण १४ वर थांबतो, देणं फिटलं म्हणून घरी जातो आणि दारातला गुंड अजून तिथंच बसलाय असं समजून भीत भीत जगतो.

जिंकला तर मग जगात एवढं वाईट का चाललंय?

ऑस्कर कुलमान नावाच्या अभ्यासकानं दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण दिलं होतं, निर्णायक लढाई एका दिवशी जिंकली तरी युद्ध संपायला वेळ लागतो. बरं आहे, पण आपल्याला महापूर जास्त कळतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कुठच्या कुठं गेली तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीत माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरलं. ज्या दिवशी पाणी उतरायला लागल्याचा मेसेज आला त्या दिवशी आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग घर उघडलं. फ्रीज आडवा पडून दुसऱ्याच खोलीत गेलेला, घोटाभर गाळ, गाद्या फुगून दगड झालेल्या, भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर अर्धं पांढरं आणि अर्धं मातकट, मध्ये सरळ रेघ. वास तर विचारू नका. तीन आठवडे खराटा, फिनेल, बादल्या. मावशी एकदा पायरीवर बसून रडली पण, की हे काय संपणार नाही. पण एक होतं, आता नदी हरली होती, आम्ही चिखल काढत होतो तो परत येणाऱ्या पाण्याच्या भीतीनं नाही. पाणी चढत असताना बादली मारणं वेगळं आणि उतरल्यावर मारणं वेगळं, अंग तेवढंच दुखतं.

ही उपमा पण तुटते. २०२१ ला पाणी परत आलं.

ज्याचं मूल गेलंय त्याच्यासमोर मात्र ही गोष्ट सांगत बसू नका. गप्प बसा, डबा पोचवा.

सैतान खरंच आहे का, की नुसतं प्रतीक?

बायबल त्याला खरा धरतं, मीही धरतो. वॉल्टर विंकसारखे अभ्यासक बायबलमधले "सत्ता व अधिकार" म्हणजे समाजातल्या व्यवस्थांचा आतला आत्मा असं वाचतात, आणि जात बघितली की मला ते पण खोटं वाटत नाही. जात कुणी एक माणूस चालवत नाही, तरी ती सगळ्यांना चालवते, चर्चमधल्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा.

मग करणी, भूतबाधा, अंगात येणं? येशूच्या नावानं निघतं का?

येशूनं भुतं काढली हे शुभवर्तमानात आहे आणि विजयाच्या चित्राचा तो मोठा भाग आहे. पण मरणाला हरवलेल्या प्रभूच्या माणसानं लिंबाला आणि काळ्या बाहुलीला घाबरायचं म्हणजे कमालच आहे. आणि कोणी रात्र रात्र झोपत नाही, आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर आधी मानसोपचार डॉक्टर, प्रार्थना सोबत करा, गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही मोठ्यानं हालेलुया म्हणू दे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, मारहाण करून भूत काढणं हा गुन्हा आहे, आपल्यालाही लागू.

"विजय" म्हणत म्हणत लोक दुसऱ्यांवर चाल करून जातात त्याचं काय?

झालंय तसं. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ढालींवर ख्रिस्ताचं चिन्ह काढून लढाई जिंकली, पुढे क्रूसेड म्हणजे धर्मयुद्धं झाली. ज्या चिन्हावर सत्तेनं एका निरपराध माणसाला मारलं तेच चिन्ह घेऊन सत्ता दुसऱ्यांना मारायला निघाली. इफिसकरांस ६:१२ साफ सांगतं की आपलं झगडणं रक्तमांसाच्या माणसांबरोबर नाही. माणूस कैदी आहे, शत्रू नाही, समोरचा कितीही डोक्यात जात असला तरी.

याच्याच उलटं एक. घरात मार खाणाऱ्या बाईला "वधस्तंभ वाहा" सांगणारे पण बघितलेत. विजयाच्या चित्रात देव मारणाऱ्याच्या बाजूला नसतो. तिला आधी घराबाहेर काढा, उपदेश नंतर.

"अधोलोकात उतरला" हे वाक्य आपण मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो. तिथं काय केलं?

ऑर्थोडॉक्स चर्चचं पुनरुत्थानाचं चित्र बघा कधी. त्यात रिकामी कबर नसते. येशू पाताळाचे मोडलेले दरवाजे पायाखाली घेऊन उभा, खाली कुलपं-किल्ल्या विखुरलेल्या, आणि त्यानं म्हाताऱ्या आदामाला आणि हव्वेला मनगटाला धरून ओढलंय. पंजाला नाही, मनगटाला. बुडणाऱ्याला असंच धरतात, कारण त्याच्या स्वतःच्या हातात पकड उरलेली नसते. ईस्टरला ते गातात की मरणानं मरणाला तुडवलं. मला विचाराल तर या पानावर मी लिहिलेलं सगळं त्या एका मनगटात आहे.

अंत्यविधीला "मरणा, तुझी नांगी कोठे" वाचतात तेव्हा मला राग येतो. समोर पेटी असते आणि आपण विचारतोय नांगी कुठंय?

मला पण आला होता, आज्जीच्या वेळी. नांगी कुठंय काय, इथं लागलीय की. नंतर तो भाग नीट वाचला, पहिलं करिंथ १५. पौल म्हणतो हे वचन तेव्हा पुरं होईल जेव्हा हे नाशवंत शरीर अविनाशीपण पांघरेल. म्हणजे कबरीपाशी आपण ते उसनं आणून म्हणतो, पुढच्या तारखेचं. आणि त्याच अध्यायात तो मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मित्र नाही, "देवाची इच्छा" नाही, शत्रूच. म्हणजे रडणं बरोबर आहे, राग पण बरोबर आहे.

ईस्टरला पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते, अंधारच असतो, मोबाईलच्या उजेडात आपापली कबर शोधायची, मेणबत्ती लावायची, वारा असला की परत परत लावायची. मग कोणीतरी म्हातारं माणूस मोठ्यानं म्हणतं, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे, "खरोखर उठला आहे!" गेल्या वर्षी माझी काडेपेटी ओली झाली होती, शेजारच्या कबरीवरच्या मावशींनी त्यांच्या मेणबत्तीनं आज्जीची लावून दिली.